शिबिर संपलं, आता पोरांना क्लबात घालू का?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मुलगी 9 वर्षांची आहे. तिने यंदा मे महिन्यात 21 दिवसांचं पोहण्याचं शिबिर केलं आणि आता तिला तिथल्याच क्लबात कायम जायचंय. तिथली मोठी मुलं वॉटर पोलो खेळतात. ती झोंबाझोंबी बघून मला धडकी भरली. मुलगा 12 वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी अक्कलकोट तालुक्यात मामाच्या गावी थोरल्या भावंडांनी त्याला विहिरीत ढकललं, तेव्हापासून तो पाण्याजवळ फिरकत नाही. शाळा सुरू झाली आहे. दोघांना घालावं का? अभ्यासाचं काय? शिवाय मुलगी काळी पडेल, केस जातील, असं सासूबाई म्हणतात."

ताई, 26 वर्षं झाली मी मुलांना पोहायला शिकवतोय, त्यातली 20 वॉटर पोलोचा, म्हणजे पाण्यात पोहत बॉलने गोल करायच्या खेळाचा, संघ बांधण्यात गेली. तुमच्या दोन्ही मुलांसाठी माझं उत्तर 'घाला' असंच आहे, पण दोघांचे रस्ते वेगळे आहेत. मुलाबद्दल सगळ्यात शेवटी लिहितो, कारण त्यासाठी मला माझीच एक जुनी चूक सांगावी लागेल.

आधी मुलीचं. 21 दिवसांत मूल काय शिकतं? तोंड पाण्यात घालतं, कठडा सोडतं, पाय मारत पंधरा-वीस मीटर जातं. ही पाण्याशी झालेली ओळख आहे. घरी मात्र सगळे म्हणायला लागतात, "येतं की तिला पोहायला." मला खरी भीती याच वाक्याची वाटते. ज्याला अजिबात येत नाही ते पोर पाण्यापासून लांब राहतं. अर्धवट येणारं पोर सहलीला गेल्यावर हिप्परग्याच्या तलावात नाहीतर भीमेच्या पात्रात बिनधास्त उतरतं. तिथे कठडा नसतो, तळ दिसत नाही, पायाला गाळ लागतो आणि धरायला काहीच नसतं.

माझ्या लेखी पोहता येणं म्हणजे कोणत्याही प्रकाराने, न थांबता 200 मीटर. खोल बाजूला काहीही न धरता 5 मिनिटं तरंगत राहणं. खोल पाण्यात उडी मारून वर येणं, वळणं आणि स्वतःच काठ गाठणं. आणि एकदा तरी अंगावर रोजचे कपडे असताना हे सगळं करून बघणं, कारण पाण्यात पडणारं मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. आठवड्यातून 4 दिवस येणाऱ्या 9 वर्षांच्या मुलीला इथवर पोचायला माझ्या अनुभवात आठ महिने ते वर्ष लागतं. तुमच्या लेकीचे त्यातले 21 दिवस झाले आहेत.

आमच्याकडे मे महिन्यात तलावात पाय ठेवायला जागा नसते. पारा बेचाळीसच्या पुढे गेला की अख्ख्या सोलापूरला पोहायची आठवण येते. जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि एका आठवड्यात तलाव रिकामा होतो. मला विचाराल तर शिकण्याचे दिवस तिथून सुरू होतात. लेन मोकळ्या असतात, सरांना एकेका पोराकडे बघायला वेळ असतो, पाणी उन्हाने तापलेलं नसतं. मे महिन्यात ज्याचं नावही मला नीट माहीत नव्हतं, त्या मुलाचा डावा खांदा पाण्यातून कसा निघतो हे ऑगस्टमध्ये मला डोळे मिटून सांगता येतं. म्हणून मुलगी स्वतः "जायचंय" म्हणतेय तर थांबवू नका. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर निम्मं विसरून ती पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करेल.

पहिले तीन-चार महिने तुम्हाला गॅलरीतून काहीच घडताना दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शेजारच्या लेनमधली पोरगी दहा फेऱ्या मारेल आणि तुमची लेक कठडा धरून बुडबुडे काढत बसेल. बसू द्या. पोहण्यातलं सगळ्यात अवघड काम श्वास सोडण्याचं असतं. तोंड पाण्याबाहेर आलं की मूल श्वास सोडतं आणि तेवढ्याच क्षणात घ्यायलाही बघतं, दोन्ही अर्धवट होतं, आणि चौथ्या हाताला दम लागतो. श्वास पाण्यात पूर्ण सोडायची सवय झाली की बाहेर फक्त घ्यायचं काम उरतं. ही सवय लागली की एक दिवस अचानक 25 मीटरची मुलगी 100 मीटर जाते आणि आई विचारते, "सर, आज काय केलंत?" त्या दिवशी वेगळं काहीच केलेलं नसतं.

आता वॉटर पोलो, ज्याने तुम्हाला धडकी भरली.

अकरा-बाराव्या वर्षी पोहणारी मुलं गळायला लागतात, असं मी दरवर्षी बघतो. तळावरची काळी रेघ बघत रोज तेच करायचं, बोलायला कुणी नाही, आणि शर्यतीत सेकंदाचा दहावा भाग कमी व्हायला सहा महिने. ज्यांना त्याची ओढ असते ती टिकतात. आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2008 साली बीजिंग ऑलिम्पिकपर्यंत गेला आणि 2010 च्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायमध्ये त्याने कांस्यपदक आणलं. पण शंभरातली नव्वद मुलं त्या मातीची नसतात, आणि त्यांनी पाणी सोडावं असं मला कधीच वाटलं नाही. त्यांच्या हातात बॉल दिला की तीच मुलं वेळेआधी तलावावर हजर होतात. फेऱ्या मारताना कुरकुरणारा पोरगा बॉलमागे जाताना त्याच्या दुप्पट पोहतो आणि त्याला कळतही नाही.

या खेळात आपला देश मागे आहे असं सगळे धरून चालतात. 1951 साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या तेव्हा वॉटर पोलोचं सुवर्ण भारताचं होतं. 1970 साली बँकॉकला रौप्य मिळालं आणि 1982 साली दिल्लीत कांस्य. 1948 आणि 1952 च्या ऑलिम्पिकलाही आपला संघ गेला होता. हे मी मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतो. नुसतं सांगितल्याने त्यांची पाठ ताठ होते.

आणि आपल्या भागाचं एक बळ आहे, त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आपल्याकडची खेड्यातली पोरं विहिरीत शिकतात. पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधायचा, कमरेला दोर, वर काठावर काका. विहिरीत उथळ बाजू नसते, म्हणून त्या पोरांना तळाला पाय टेकवायची सवयच लागत नाही. ती डोकं वर ठेवून पोहतात, कारण मुटका कोण मारतंय आणि आपल्या अंगावर कोण पडतंय याच्यावर नजर ठेवावी लागते. उभं पोहत गप्पा मारतात. शर्यतीच्या पोहण्यात आम्हाला त्यांच्या या सवयी मोडाव्या लागतात. वॉटर पोलोला नेमक्या याच सवयी लागतात. खेळाडूने तळाला पाय टेकवायचा नाही, डोकं वर ठेवून फ्रीस्टाइल मारायची, बॉल दोन हातांच्या मधल्या पाण्यावर ढकलत न्यायचा आणि त्याच वेळी गडी कुठे आहे ते बघायचं. मोहोळ, मंगळवेढ्याकडून शिकायला आलेली आणि वसतिगृहात राहणारी अशी दोन-तीन पोरं दर वर्षी माझ्याकडे येतात आणि तलावात वाढलेल्या मुलांना पहिल्या महिन्यात मागे टाकतात.

खेळाची रचना थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी गॅलरीत बसून बघताना समजेल. एका बाजूचे 7 जण पाण्यात, त्यातला एक गोलकीपर. मोठ्यांचे 8 मिनिटांचे चार भाग असतात, लहानांना आम्ही कमी वेळ खेळवतो. गोलकीपर सोडून कुणालाही बॉल दोन हातांनी धरता येत नाही. गोलाची चौकट 3 मीटर रुंद आणि पाण्यापासून 90 सेंटीमीटर उंच. एका संघाच्या टोप्या पांढऱ्या, दुसऱ्याच्या निळ्या, गोलकीपरची लाल. कानांवर प्लॅस्टिकच्या वाट्या असतात त्या कानाला मार बसू नये म्हणून.

तुम्हाला जी झोंबाझोंबी दिसली तिलाही नियम आहेत. ज्याच्या हातात बॉल आहे त्यालाच अंगाला लागून अडवता येतं. ज्याच्या हातात बॉल नाही त्याला धरलं, मागे ओढलं किंवा बुडवलं तर मोठा फाउल होतो आणि करणाऱ्याला ठरावीक वेळ खेळातून बाहेर काढतात, तेवढ्यात समोरचा संघ एक गडी जास्त घेऊन खेळतो. म्हणून नव्या मुलांना माझा पहिला धडा बॉल सोडण्याचा असतो. कुणी अंगावर आलं की घाबरलेलं पोर बॉल घट्ट धरून ठेवतं आणि त्यामुळेच जास्त दाबलं जातं. बॉल हातातून सुटलेला असेल आणि तरी समोरच्याने अडवलं तर शिट्टी तुमच्या बाजूने वाजते. हे एकदा कळलं की भीती निम्मी होते. सामन्याआधी पंच प्रत्येकाची नखं तपासतात, वाढलेली असली तर तिथेच कापायला लावतात. अंगाला तेल लावून उतरायलाही बंदी आहे, कारण निसटायला मदत होते. त्यामुळे सामन्याच्या दिवशी सकाळी लेकीच्या डोक्याला तेल चोपडू नका, हे आजीलाही सांगून ठेवा.

खरी दुखणी वेगळी असतात. बॉल झेलताना बोट मुरगळतं, जास्त फेकलं की खांदा दुखतो, आणि पायांच्या चुकीच्या सरावाने गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येते. आम्ही ज्याला एगबीटर म्हणतो ती किक समजून घ्या. खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं, गुडघे फाकवायचे आणि दोन्ही पोटऱ्या एकाआड एक, उलट दिशांना गोल फिरवायच्या. ताक घुसळणाऱ्या रवीचं पातं जसं पाणी खाली दाबतं तसे पाय पाणी दाबतात आणि शरीर वर राहतं. हात मोकळे होतात. चांगला खेळाडू या किकवर छातीपर्यंत वर उठून बॉल मारतो. ती यायला मुलांना सहा महिने सहज लागतात. घरी ओट्यावर बसून, पाय लटकवून, आरशात बघत रोज 5 मिनिटं फिरवले तर लवकर येते. गुडघा दुखतोय असं मूल म्हणालं तर "सहन कर" म्हणू नका, सरांना सांगा. वाढत्या वयात गुडघ्याशी जबरदस्ती चालत नाही.

तुमची लेक लगेच या झोंबीत उतरणार नाही. माझ्याकडे 200 मीटरची अट पूर्ण झाल्याशिवाय खेळायला बॉल मिळत नाही. त्यानंतरही पहिले काही महिने लहान बॉल, जोडीजोडीने पास, अंगाला हात लावायचा नाही. दहा-अकराव्या वर्षी छोटे सामने, आणि खरी अडवाअडवी बाराव्या वर्षानंतर. तुमच्या क्लबात लहान मुलांना पहिल्याच महिन्यात मोठ्यांच्या सामन्यात उतरवत असतील तर मात्र तिथे घालू नका.

क्लब कसा पारखावा, ते मी तुम्हाला उभ्याउभ्या सांगू शकतो. काठावर जाऊन सगळ्यात खोल जागी बघा. तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर तिथे बुडालेलं मूलही दिसणार नाही, आणि मग बाकी काही तपासायची गरज नाही. नाकात झोंबणारा क्लोरिनचा वास आला की लोकांना वाटतं पाणी एकदम शुद्ध आहे. ते उलट आहे. क्लोरिनचा घाम आणि लघवीशी संयोग झाला की तो उग्र वास येतो आणि डोळे चुरचुरतात. व्यवस्थित पाण्याला फार वास नसतो. क्लोरिन लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅम आणि पीएच 7.2 ते 7.6 च्या आसपास ठेवतात, आणि रोजची नोंद वहीत असते. वही मागा, दाखवतील. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाला शॉवर घ्यायला लावतात का, तेही बघा. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे तलावात एवढं पाणी घालणं काही पालकांच्या मनाला लागतं. मलाही लागतं. चालू फिल्टर असलेल्या तलावात तेच पाणी गाळून पुन्हा फिरवतात, भर फक्त उडून गेलेल्या आणि फिल्टर धुताना गेलेल्या पाण्याची घालावी लागते. म्हणून फिल्टर बंद ठेवून अधूनमधून सगळं पाणी बदलणाऱ्या तलावापेक्षा फिल्टर नीट चालवणारा तलाव निवडा.

मग माणसं बघा. शिकवणारे सर आणि नुसता पाण्यावर नजर ठेवणारा जीवरक्षक, ही दोन वेगळी माणसं हवीत. जो हात धरून किक शिकवतोय त्याला मागे काय चाललंय ते दिसत नाही. जीवरक्षकाच्या हातात मोबाइल असेल तर मी तिथून माझं मूल घेऊन परत येईन.

इथे थोडं थांबतो, कारण हे प्रत्येक आईबापाला माहीत असलं पाहिजे. बुडणारं मूल ओरडत नाही. सिनेमात हात हलवत "वाचवा" म्हणतात तसं प्रत्यक्षात क्वचितच होतं. तोंड पाण्याच्या पातळीला वरखाली होत असतं, श्वासच पुरत नाही तिथे हाक कुठली? डोकं मागे गेलेलं, हात बाजूला पाणी दाबत असलेले, शरीर उभं, पाय जवळजवळ हलत नाहीत. लांबून बघणाऱ्याला वाटतं पोर खेळतंय. हे सगळं एका मिनिटाच्या आत संपतं. नदीवर, तलावावर असं कुणी दिसलं तर पोहता येत असलं तरी एकदम उडी मारू नका. दोर, साडी, बांबू, हवा भरलेली ट्यूब, रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला खाली घेतो, एकामागे दोघं गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. बाहेर काढल्यावर पोराला उलटं टांगायचं, गरगर फिरवायचं, पोट दाबायचं, हे आपल्याकडे अजून करतात. त्यात जीव वाचवायची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी छातीत जाऊ शकतं. श्वास चालत नसेल तर पाठीवर निजवा, आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर 30 वेळा दाब आणि 2 श्वास, असं 108 ची गाडी येईपर्यंत चालू ठेवा. हे वाचून येत नाही. क्लबात किंवा दवाखान्यात कुणी शिकवत असेल तर एक दुपार काढून शिकून घ्या.

तलावातही एक खेळ मी कडकडीत बंद ठेवला आहे, तो म्हणजे पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो याची पैज. मुलं आधी भराभर मोठे श्वास घेतात आणि मग बुडी मारतात. त्या श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यायची उबळ त्याच्यामुळे येत असते, म्हणून उबळ येत नाही आणि इकडे ऑक्सिजन संपतो. पोर पाण्याखालीच शुद्ध हरपतं, कुठलीही सूचना न देता. चांगलं पोहणारी मुलंच यात सापडतात. मुलीला हे घरी बसवून, कारणासकट सांगा.

कपडे बदलायच्या खोलीबद्दल पालक विचारायला लाजतात. लाजू नका. मुलींची खोली वेगळी हवी, तिथे पुरुषाने पाऊल ठेवता कामा नये, आणि मोबाइल आत नेता कामा नये. पालकांना सराव बघायला बसू देत नसतील तर का नाही, हे विचारा. सरांनी मुलाला एकट्याला खासगी मेसेज पाठवायचे नाहीत, आम्ही सगळं पालकांच्या ग्रुपवरच टाकतो. स्पर्धेला बाहेरगावी जाताना मुलींबरोबर एक बाई असलीच पाहिजे. हे प्रश्न विचारल्यावर जो क्लब चिडतो, त्याने तुमचं काम सोपं केलं असं समजा.

सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेत नाही. उन्हात पोहून रंग उतरतो आणि क्लोरिनने केस राठ होतात, हे दोन्ही खरं आहे. पहाटेची किंवा संध्याकाळची बॅच घ्या, पूर्ण बाह्यांचा पोशाख मिळतो तो घ्या. उतरण्याआधी केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवून वर टोपी घाला, म्हणजे भिजलेले केस क्लोरिनचं पाणी कमी शोषतात. घरी आल्यावर अंघोळ आणि अंगाला खोबरेल. पण रंगाच्या भीतीने मुलीला पाण्यापासून तोडू नका, ही माझी तुम्हाला आणि आजींना हात जोडून विनंती आहे. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचा वॉटर पोलो 1900 सालापासून आहे, बायकांना तिथे पोचायला 2000 साल उजाडलं. शंभर वर्षं वाट बघायला लागली. आपल्याकडे मुली येतात, चांगल्या खेळतात आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी घरातूनच बंद होतात. पाळी सुरू झाली की आई येऊन सांगते, "उद्यापासून नाही येणार." त्या चार दिवसांत पोहायचं का नाही हे मुलीच्या सोयीवर सोडा. टॅम्पॉन किंवा कप वापरून पोहता येतं, नको वाटलं तर काठावर बसून पासचा सराव करता येतो. चार दिवसांसाठी वर्ष सोडायचं कारण नाही. बाई प्रशिक्षक असलेला क्लब मिळाला तर हे बोलणं मुलीला सोपं जातं.

तब्येतीचं पटकन सांगतो. दमा असला तरी बहुतेक मुलांना पोहता येतं, पण सरांना माहीत हवं आणि पंप काठावर हवा. फिट्स येत असतील तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नाही, आणि पाण्यात असेपर्यंत एक माणूस फक्त त्याच मुलाकडे बघणारा. जुलाब लागले असतील तर थांबल्यावरही काही दिवस पाठवू नका, त्यातले काही जंतू क्लोरिनला दाद देत नाहीत. कानात पाणी राहिलं तर डोकं तिरकं करून कान टॉवेलने पुसायचा, काडी घालायची नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडचे उघडे तलाव सकाळी फार गार असतात. ओठ निळे दिसले की मूल बाहेर, यावर वाद नाही. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास आम्ही पाण्यातला वेळ कमी करतो आणि जमिनीवर दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार, भिंतीवर बॉल मारणं असं घेतो.

अभ्यासाची काळजी पहिलं वर्ष करूच नका. आठवड्यातले 4 दिवस, दिवसाला एक तास. भूक मात्र राक्षसासारखी लागते. तलावाबाहेरच्या गाड्यावरचं तळलेलं नको, डब्यात भाकरी आणि शेंगाची चटणी द्या, नाहीतर गूळ-शेंगदाणे आणि केळं. दहावीच्या वर्षी आम्ही दिवस कमी करतो, क्लब सोडायला लावत नाही. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात, आणि दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण असतात. त्याचे निकष शाळेतल्या क्रीडाशिक्षकांकडून वेळेवर समजून घ्या. पण त्या गुणांसाठी म्हणून मुलाला घालू नका. ज्या मुलांना गुणांसाठी आणलेलं असतं ती परीक्षेनंतर दिसत नाहीत.

क्लबातून आणखी एक गोष्ट मिळते, ती मला फार आवडते. आपल्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी पोरं, अक्कलकोट रोडची कन्नड बोलणारी, शास्त्री नगरची दखनी बोलणारी आणि तुमच्या जुळे सोलापूरची मराठी, सगळी एका पाण्यात असतात. बॉल मागताना एक "रा रा" म्हणतो, दुसरा "बा बा", तिसरा "इधर डाल". तीन महिन्यांत सगळ्यांना सगळं कळायला लागतं. एरवी ही मुलं एकमेकांच्या घरापर्यंत कधी पोचली असती, सांगता येत नाही.

आता तुमचा मुलगा.

मी शिकवायला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी एक दहा वर्षांचा मुलगा यायचा. तीन आठवडे झाले तरी कठडा सोडेना. वडील रोज काठावर उभे राहून म्हणायचे, "सर, टाका आत, आम्ही असंच शिकलो." मी तरुण होतो, मलाही ते पटलं. एका संध्याकाळी मी त्याला उचलून खोल बाजूला टाकलं आणि मागोमाग उडी मारून वर काढलं. सात-आठ सेकंदांची गोष्ट. तो रडला नाही, माझ्याकडे नुसता बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. काही वर्षांनी तो मला नवी पेठेत भेटला, कॉलेजात होता. पाया पडला. मी विचारलं, पोहतोस का? म्हणाला, "नाही सर, अजून डोक्यावरून पाणी घेतलं तरी छातीत धडधडतं." त्याच्याकडून जे मी घेतलं ते मला परत देता आलं नाही. तेव्हापासून कुणाच्याही सांगण्यावरून मी एकाही मुलाला ढकललेलं नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत तेच दोन वर्षांपूर्वी झालं आहे. तो भित्रा नाही. पाण्यात पडल्यावर आपल्या हातात काही राहत नाही, हे त्याच्या अंगाने शिकून घेतलंय. आता ते उलट शिकवायचं आहे: पाण्यात काय होणार ते तो ठरवणार, कधी थांबायचं तेही तोच ठरवणार. बहिणीला सोडायला येताना त्याला बरोबर आणा. पोशाख आणू नका, पाण्यात उतरण्याचं नावही काढू नका. पहिला आठवडा त्याने काठावर बसून खेळ बघावा. मी अशा मुलाकडे गुण लिहायचा फळा देतो, गोल मोजायला लावतो. दुसऱ्या आठवड्यात बाहेर आलेला बॉल आत फेकायचं काम देतो. बॉल ओला असतो, हात ओले होतात, पाय कधी पाण्यात जातात ते त्याला कळत नाही. मग उथळ बाजूला, कंबरभर पाण्यात, कठड्याला पाठ लावून उभं राहून पास. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर असतो आणि त्याने मागितल्याशिवाय हात लावत नाही. तो "बस" म्हणाला की त्या दिवशीचं बस, मग पाचच मिनिटं झालेली का असेनात. तोंड पाण्यात घालणं याच्याही नंतर येतं.

कुणाला दोन महिने लागतात, कुणाला सहा. लहान बहीण पुढे गेली म्हणून घरी कुणीही, अगदी गमतीनेसुद्धा, काही बोलायचं नाही. मामाकडे ज्यांनी ढकललं त्या भावंडांपैकी एकाने जरी येऊन त्याला "चुकलं आमचं" म्हटलं तर माझं महिन्याचं काम वाचेल. मामाला एकदा फोन करून बघा. कोणत्याही क्लबात गेलात तरी मुलाच्या नोंदणीच्या फॉर्मवर विहिरीतला प्रकार स्पष्ट लिहा आणि जे सर त्याला शिकवणार आहेत त्यांना मुलासमोर नव्हे, बाजूला घेऊन सांगा. ते "टाकू आत, दोन दिवसांत शिकेल" असं म्हणाले तर मुलीला तिथेच राहू द्या, मुलासाठी दुसरे सर शोधा.